बॅटरी बारा व्होल्टची, पण चार्जर कोणता?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाचे लेख म्हटले की बेणे, खत, पाणी आणि तोडणी हेच विषय आपल्या डोळ्यांपुढे येतात. या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या घरात नि शेतावर चार-पाच तरी बॅटऱ्या आहेत. फवारणीचा पाठीवरचा पंप बॅटरीचा, रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधायचा टॉर्च बॅटरीचा, रानडुकरांसाठी बांधाला लावलेले झटका मशीन बॅटरीवर, ट्रॅक्टरची बॅटरी आहेच, आणि आता पोराची विजेवरची स्कूटरही आली. बॅटऱ्या वाढल्या तसे चार्जरही वाढले. ते सगळे एकाच खिळ्याला टांगलेले असतात आणि ज्याची पिन बसेल तो लावायचा, अशी घरोघरी रीत पडली आहे. ही रीत धोक्याची आहे, म्हणून हा लेख.

धोका म्हणजे केवळ बॅटरी लवकर खराब होणे एवढाच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला व त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकजवळ विजेच्या स्कूटरी घेऊन चाललेल्या कंटेनरला आग लागली व वीस स्कूटरी जळाल्या. या आगींची कारणे निरनिराळी असू शकतात. पण या बॅटरीत किती ताकद कोंडलेली असते, हे त्यावरून समजावे.

भिवंडीहून येणारे पार्सल

पूर्वी बॅटरी घ्यायची तर तालुक्याच्या गावी दुकानात जायचे. दुकानदार ओळखीचा, तो विचारायचा, "कशाला पाहिजे? जुनी आणलीय का?" आता मोबाईलवर बोट दाबले की चौथ्या दिवशी खोके दारात येते. त्यावर पुष्कळदा भिवंडीचा पत्ता असतो. ठाणे जिल्ह्यातले भिवंडी हे मूळचे यंत्रमागाचे गाव. परंतु मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्यामुळे तिथे गोदामे वाढली. २०१७ साली जकात गेली तरी गोदामे राहिली, उलट अधिक वाढली. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ या गावांच्या शिवारात जिथे भातखाचरे होती, तिथे आज देशभरचा माल उतरतो आणि चढतो. आपल्या भागातली कितीतरी मुले तिथे कामाला आहेत.

मालाची सोय झाली ही चांगलीच गोष्ट. पण खोक्याबरोबर तो विचारणारा दुकानदार येत नाही. खोक्यावर "१२ व्होल्ट, पंपासाठी" एवढे लिहिलेले असते. आपल्या पंपाचीही बॅटरी १२ व्होल्टचीच, म्हणून आपण ती मागवतो, बसवतो आणि खिळ्यावरचा जुनाच चार्जर लावतो. खरी चूक इथेच होते.

एकच नाव, तीन जाती

उसाचे उदाहरण घेऊ. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, सुरूला २५०. दोन्हीही ऊसच, शेतही तेच, पण "ऊस आहे ना, मग द्या सारखेच" असे आपण करत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. "१२ व्होल्ट" हे झाले पिकाचे नाव. जात आणि हंगाम त्यावरून कळत नाही.

बाजारात १२ व्होल्ट म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्या मुख्यतः तीन जातींच्या आहेत.

१) शिशाची बॅटरी. हिलाच आपण ॲसिडची किंवा पाण्याची बॅटरी म्हणतो. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची आणि बहुतेक फवारणी पंपांची बॅटरी हीच. पंपातली बंद डब्यासारखी असते, तिला लोक "ड्राय बॅटरी" म्हणतात. पण ती कोरडी नसते, आत ॲसिड असतेच, फक्त सांडत नाही. १८५९ साली फ्रान्समध्ये प्लांते यांनी ही जात शोधली. म्हणजे हिचे वय दीडशे वर्षांच्या वर आहे. आत दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. पूर्ण भरून थोडा वेळ ठेवली की मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. हिला भरताना चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ वर उतरून थांबतो.

२) लिथियम-आयन. मोबाईल, टॉर्च आणि पुष्कळशा स्कूटरींत ही असते. १९९१ पासून ही जात बाजारात आहे, आणि तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिचा एक सेल ३.६ ते ३.७ व्होल्टचा. असे तीन सेल ओळीने जोडले की ११.१ व्होल्ट होतात आणि दुकानात ती "१२ व्होल्ट" म्हणून विकली जाते. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर न्यायचे नाही हा हिचा कडक नियम. म्हणजे तीन सेलच्या बॅटरीला चार्जर १२.६ व्होल्टचाच हवा.

३) लिथियम फॉस्फेट. लेबलवर एलएफपी किंवा लायफेपो-४ असे लिहिलेले असते. ही लिथियमचीच पण शांत स्वभावाची जात. हिचा सेल ३.२ व्होल्टचा, चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५, म्हणून चार्जर १४.६ व्होल्टचा.

चौथी एक जात आहे, निकेलची. जुन्या टॉर्चमध्ये, रेडिओत आणि कॅमेऱ्यात ती पेन्सिल सेलच्या आकाराची मिळते. एक सेल १.२ व्होल्टचा. हिला निकेल सेलचाच चार्जर लागतो. भरल्यावर सेलचा व्होल्टेज किंचित खाली येतो, ती खूण ओळखून चांगला चार्जर बंद होतो. साधा चार्जर ती खूण ओळखत नाही. तो घड्याळ लावूनच काढावा लागतो.

चुकीची जोडी लागली तर काय होते?

आता हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू.

शिशाच्या बॅटरीचा १४.४ चा चार्जर तीन सेलच्या लिथियम-आयनला लावला, तर १४.४ भागिले ३, म्हणजे एका सेलवर ४.८ व्होल्ट येतात. मर्यादा ४.२ ची. चांगल्या बॅटरीत एक संरक्षक सर्किट असते, त्याला बीएमएस म्हणतात. ते मधे पडून प्रवाह तोडते. पण स्वस्त बॅटरीत ते कच्चे असते, काहींत नसतेच. बीएमएस हा शेवटचा राखणदार आहे, रोजचा गडी नव्हे. त्याच्या भरवशावर चुकीचा चार्जर लावणे म्हणजे कुंपणाला कुत्रे बांधले म्हणून फाटक उघडे टाकण्यासारखे आहे.

लिथियम फॉस्फेटचा १४.६ चा चार्जर लिथियम-आयनला लावला तरी तेच संकट, उलट कणभर जास्त.

लिथियम-आयनचा १२.६ चा चार्जर शिशाच्या बॅटरीला लावला तर आग लागणार नाही, पण बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी आतून धरते. पत्र्यांवर गंधकाचा पांढरा कठीण थर बसतो आणि सहा महिन्यांत आपण म्हणतो, "कंपनीनं फसवलं."

१४.६ चा लिथियम चार्जर शिशाच्या बॅटरीवर रात्रभर राहिला आणि वेळेवर उतरला नाही, तर आतले पाणी फुटून वायू होतो. बंद बॅटरीत पाणी परत घालता येत नाही. ती सुकते, फुगते आणि बाद होते.

शिशाचा चार्जर लिथियम फॉस्फेटला लावला तर आकडे जवळजवळ जुळतात, म्हणून पुष्कळ लोक तसे करतात. परंतु काही चार्जर जुनी शिशाची बॅटरी सुधारण्यासाठी मधूनच १५-१६ व्होल्टचे झटके देतात. ती सोय लिथियमला मारक आहे. म्हणून जातीचा चार्जर तो जातीचाच.

शिसे सहन करते, लिथियम का नाही?

सभासदांपैकी जाणकार हा प्रश्न विचारतीलच. शिशाच्या बॅटरीत पाणी असते. वीज जास्त झाली की ती त्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यात खर्च होते. म्हणजे जादा पाण्याला सांडवा आहे. लिथियमच्या बॅटरीत पाणी नाही, सांडवा नाही. जादा वीज सेलमध्येच मुरते, एका पट्टीवर लिथियम धातूचा थर जमू लागतो, दुसरी पट्टी बिघडून ऑक्सिजन सोडते, आतला द्रव पेट घेण्यासारखा असतो. एकदा ठरावीक उष्णता ओलांडली की ती उष्णताच आणखी उष्णता निर्माण करते. मग बाहेरून चार्जर काढला तरी थांबत नाही. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. फॉस्फेट जातीत हा धोका बराच कमी आहे, कारण तिची पट्टी ऑक्सिजन सहजी सोडत नाही. मात्र कमी म्हणजे नाही असे नव्हे.

शिशाच्या बॅटरीचा सांडवाही निर्धोक नाही. हवेत शेकडा ४ भाग हायड्रोजन झाला की ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी बंद खोलीत, देवघराच्या समईजवळ किंवा चुलीशेजारी चार्ज करू नये. चार्जरचे चिमटे आधी बॅटरीला लावावेत, मग बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद करावे, मग चिमटे काढावेत. ठिणगी पडते ती चिमटा लावता-काढताना.

मोबाईलला चालते, मग पंपाला का नाही?

"साहेब, मोबाईलला कुणाचाही चार्जर लावतो, काही होत नाही," असे आम्हाला गटागटांतून ऐकायला मिळते. याचे कारण समजून घ्यावे. मोबाईलचा खरा चार्जर भिंतीला नसतो, तो मोबाईलच्या आत असतो. भिंतीला लावतो तो फक्त वीज पुरवणारा अडॅप्टर. किती वीज घ्यायची, कधी थांबायचे, हे मोबाईल ठरवतो. पंपाच्या बॅटरीत अशी अक्कल नसते. जे ठरवायचे ते चार्जरनेच ठरवायचे. म्हणून तिथे चार्जर बदलला की सगळेच बदलले. पिनचे माप सारखे असणे हा काही पुरावा नव्हे. एकाच मापाची गोल पिन १२.६ च्या, १४.४ च्या आणि १४.६ च्या चार्जरलाही असते.

लेबल कसे वाचावे?

चार्जरवर "इनपुट" म्हणून १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, त्याचा येथे उपयोग नाही. "आउटपुट" पुढचा आकडा पाहावा. तो व्होल्ट बॅटरीच्या जातीशी जुळला पाहिजे.

त्यापुढे ॲम्पिअर असतात. ॲम्पिअर म्हणजे भरण्याचा वेग. पंपातल्या ८ ॲम्पिअर-तासाच्या बंद शिशाच्या बॅटरीला दीड-पावणेदोन ॲम्पिअर ठीक. ८ भागिले १.७ म्हणजे पावणेपाच तास, आणि शेवटी वेग मंदावतो म्हणून वर दोन तास धरावेत. वेळ वाचवायला त्याच बॅटरीला ट्रॅक्टरचा १० ॲम्पिअरचा चार्जर लावू नये, ती तापून फुगते. उलट लहान चार्जर मोठ्या बॅटरीला लावला तर धोका नाही, वेळ मात्र लागतो.

लेबल पुसले गेले असेल तर वजन करून पाहावे. पंपातली ८ ॲम्पिअर-तासाची शिशाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच आकाराची लिथियम बॅटरी किलोभराच्या आत-बाहेर असते. हातात घेतल्यावरच फरक कळतो. मात्र लिथियममधली कोणती जात हे वजनावरून ठरवू नये. कळत नसेल तर चार्ज करू नये, जाणकाराला दाखवावी.

टॉर्चच्या सेलबद्दल एक विशेष सूचना. पेन्सिल सेलच्या अगदी त्याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही मिळतो. तो निकेलच्या चार्जरमध्ये सहज बसतो, आणि बसतो म्हणून लोक लावतात. तसे कदापि करू नये. तसेच घड्याळातला, रिमोटमधला साधा दीड व्होल्टचा सेल हा भरण्यासाठी नसतोच. तो चार्जरमध्ये घातला तर गळतो किंवा फुटतो.

आमच्या पाहण्यातली दोन उदाहरणे

आमच्या एका गटातील सभासदाने पंपाची शिशाची बॅटरी गेली म्हणून लिथियमची मागवली. बॅटरी हलकी, दिवसभर फवारणी झाली तरी संपत नाही, म्हणून ते खूश. चार्जर मात्र जुनाच. पंधरा दिवसांनी पंपाचे बूड मऊ पडलेले दिसले. उघडले तर बॅटरी फुगून प्लॅस्टिकचे कवच फाटले होते. सुदैव एवढेच की पंप पडवीत होता. एरवी तो कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांना टेकून चार्जिंगला लागत असे.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. तिथल्या एका गोदामात माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आम्ही पाहिल्या. शिशाच्या बॅटरीच्या गाड्यांना चार्जिंगची जागा मालापासून लांब, उघड्या बाजूला. लिथियमच्या गाड्यांना जागा वेगळी. प्रत्येक गाडीवर आणि तिच्या चार्जरवर एकाच रंगाचा पट्टा ओढलेला. आम्ही तिथल्या कामगाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "वाचायला येवो न येवो, रंग तर कळतो." लाखो रुपयांच्या मालात काम करणाऱ्यांनी जी काळजी घेतली आहे, ती आपल्याला चार आण्याच्या रंगात घेता येते.

सभासदांनी घरी काय करावे?

१) घरातल्या सगळ्या बॅटऱ्या आणि चार्जर एकदा अंगणात मांडावेत. जोड्या लावाव्यात. जोडीला ऑइलपेंटचा सारखा ठिपका द्यावा. शिशाला लाल, १२.६ च्या लिथियमला निळा, १४.६ च्या फॉस्फेटला हिरवा, निकेलला पिवळा असे ठरवले तर गावभर एकच खूण होईल. ज्या चार्जरला जोडी सापडत नाही तो खिळ्यावर परत टांगू नये.

२) बॅटरीची जात बदलली की चार्जरही बदलावा. नवीन बॅटरी मागवताना तिचाच चार्जर बरोबर घ्यावा.

३) भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बॅटरीवर आणि अडॅप्टरवर पाहून घ्यावा. लिथियम बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे.

४) उन्हातून आणलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत तासभर निवू द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्ज करू नये. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणे योग्य नाही.

५) चार्जिंगची जागा फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर असावी. अंथरूण, कडबा, पाचट, खताची पोती, डिझेलचा कॅन यांच्याजवळ नको. दाराच्या वाटेत तर मुळीच नको. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

६) सगळे झोपले असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नये. शेतीची वीज रात्री येते हे आम्हाला ठाऊक आहे, पण घरची वीज दिवसाही असते. फवारणीहून आल्यावर संध्याकाळी लावावी, निजण्यापूर्वी काढावी.

७) झटका मशीनची बॅटरी कुंपणाची तार जोडलेली असताना घरच्या विजेवर चार्ज करू नये. स्वस्त चार्जर आतून फुटला तर मुख्य लाइनची वीज तारेत उतरू शकते, आणि तिथे हात लागणारा माणूस आपल्याच घरातला असतो. बॅटरी सोडवून घरी आणावी, मग चार्ज करावी. सौर पॅनेलवर चालणाऱ्या मशीनमध्ये कंट्रोलरवर बॅटरीची जात निवडायची सोय असते. बॅटरी बदलली की ती निवडही बदलावी.

८) हंगाम संपल्यावर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि दोन महिन्यांनी एकदा पुन्हा भरावी. लिथियमची निम्मी भरून थंड जागी ठेवावी. रिकामी कोणतीच ठेवू नये.

९) फुगलेली, गळणारी, वास येणारी, हाताला चटका देणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. टोचू नये, फोडू नये, उकिरड्यात किंवा विहिरीत टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशाची बॅटरी दुकानदार मोडीत घेतो, लिथियमची वेगळी द्यावी.

पेटलीच तर

आधी माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत. धूर विषारी असतो, त्यात शिरू नये. मीटरजवळचा मुख्य स्विच बंद करता आला तर करावा. वीज बंद झाल्याची खात्री असेल तरच लांबून भरपूर पाणी मारावे. लिथियमला तांब्याभर पाण्याने काही होत नाही, ती थंड होईपर्यंत पाणी लागते, आणि विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा पेटते. म्हणून ती उचलून आत आणू नये. १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

सभासदांनी हे वाचून घाबरावे आणि हातपंपाकडे परत जावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. बॅटरीच्या पंपाने पाठीचा आणि खांद्याचा त्रास कमी केला, बायामाणसांनाही फवारणी जमू लागली. बिबट्याच्या भागात रात्री पाणी धरणाऱ्याच्या डोक्यावरचा टॉर्च ही चैन नाही, तो जिवाचा आधार आहे. तो आधार ऐन वेळी विझू नये आणि घरात आगीचे कारणही होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

प्रत्येक गट कार्यालयात मल्टीमीटर ठेवला आहे. ज्यांना आपल्या बॅटरीची जात किंवा चार्जरचा आकडा कळत नसेल त्यांनी दोन्ही वस्तू घेऊन बाजारच्या दिवशी यावे. आमचे शेतकी मदतनीस तपासून देतील आणि रंगाचा ठिपकाही लावून देतील. त्याचा खर्च सभासदांना पडणार नाही. ज्यांची मुले भिवंडीला किंवा इतरत्र कामाला आहेत व खोलीत तीन-चार जण मिळून राहतात, त्यांनी हा अंक त्यांना जरूर पाठवावा. तिथल्या लहान खोलीत एकाच बोर्डावर सहा चार्जर लागतात, तेव्हा ही माहिती त्यांना आपल्याइतकीच, किंबहुना अधिक गरजेची आहे.